अमेरिकेतील दिवाळखोरीचे दप्तर : कायद्याचा इतिहास आणि नोंदींचा माग

अमेरिकेतील दिवाळखोरीचे जुने कागद शोधणाऱ्याने आधी वर्ष विचारावे आणि मग गाव. १८३० साली बुडालेल्या व्यापाऱ्याचे कागद राज्याच्या न्यायालयात असतील, १८४२ साली बुडालेल्याचे संघीय न्यायालयात, आणि १८५० साली बुडालेल्याचे पुन्हा राज्याच्याच न्यायालयात. शहर तेच आणि धंदाही तोच असला, तरी मध्यंतरी कायदा आला आणि गेला, म्हणून दप्तर फिरत राहिले. आज जिल्ह्याजिल्ह्यात दिसणारी दिवाळखोरी न्यायालये आणि संगणकावर उघडणाऱ्या त्यांच्या नोंदी या व्यवस्थेला स्थैर्य फार उशिरा लाभले, आणि शोधात होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या उशिरात आहे.

अमेरिकेच्या संविधानातील पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या विभागाने दिवाळखोरीविषयी देशभर एकसारखे कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, दिला. तो अधिकार होता, बंधन नव्हे. १७८९ ते १८९८ या शंभराहून अधिक वर्षांत काँग्रेसने तो केवळ तीनदा वापरला आणि तिन्ही कायदे पुढे रद्द केले. या तिघांचे आयुष्य एकत्र केले तरी ते सोळा वर्षांच्या आसपासच भरते. दर वेळी आधी आर्थिक अरिष्ट आले, त्यामागून कायदा आला, आणि अरिष्टाची धग कमी होताच, कर्जबुडव्यांना मोकळे सोडले जाते अशी ओरड होऊन किंवा खर्च आणि दिरंगाईला कंटाळून, तो मागे घेतला गेला.

पहिला कायदा ४ एप्रिल १८०० रोजी झाला. तो फक्त व्यापारी वर्गाला लागू होता आणि अर्ज करण्याचा अधिकार धनकोलाच होता; ऋणकोला स्वतःहून न्यायालयात जाता येत नव्हते. स्वातंत्र्यलढ्याला पैसा उभा करून देणारे आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे रॉबर्ट मॉरिस जमिनींच्या सट्ट्यात बुडून १७९८ साली फिलाडेल्फियाच्या ऋणको-तुरुंगात गेले होते. याच कायद्याच्या आधारे १८०१ साली त्यांची सुटका झाली, तेव्हा त्यांच्यावरील सिद्ध झालेले कर्ज जवळपास ३० लाख डॉलर होते. देशाची पत सांभाळणाऱ्या माणसाची ही अवस्था पाहिली की कर्ज फेडता न येणे आणि गुन्हा करणे यांत त्या काळी किती थोडे अंतर मानले जात होते, ते लक्षात येते. हा कायदा १८०३ साली रद्द झाला.

येथे ‘नादारी’ आणि ‘दिवाळखोरी’ हे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात : राज्यांच्या कायद्यांखालची ती नादारी, संघीय कायद्याखालची ती दिवाळखोरी. संघीय कायदा नसलेल्या काळात राज्यांनी आपापले नादारीचे कायदे केले. त्यांतील बरेचसे ऋणकोची तुरुंगातून सुटका करण्यापुरते होते, तर काही कर्जातूनही मुक्त करू पाहत होते. १८१९ च्या स्टर्जेस विरुद्ध क्राउनिनशील्ड या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कायदा होण्यापूर्वी झालेले कर्ज राज्याला माफ करता येणार नाही, कारण त्याने कराराच्या बंधनाला बाधा येते. १८२७ च्या ऑग्डेन विरुद्ध सॉन्डर्स प्रकरणात मात्र कायद्यानंतर झालेल्या कर्जांपुरती ती मुभा मिळाली, तरी परराज्यातील धनकोवर अशी माफी लादता येत नव्हती. संघीय कायदाच नसल्यामुळे १८०३ ते १८४१, १८४३ ते १८६७ आणि १८७८ ते १८९८ या तीन कालखंडांतील कागद संघीय दप्तरात नव्याने दाखल झालेले सहसा सापडत नाहीत. ते राज्यांच्या आणि कौंटींच्या (राज्यांतर्गत स्थानिक विभागांच्या) न्यायालयीन संग्रहांत शोधावे लागतात. संघीय सूचीत नाव नाही म्हणजे माणूस कधी बुडालाच नाही, असा निष्कर्ष या काळाविषयी काढणे ही घोडचूक ठरते.

१८३७ च्या अरिष्टातून १८४१ चा कायदा जन्मला आणि त्याने पायाच बदलला. व्यापारी असो वा नसो, ऋणकोला प्रथमच स्वतःहून अर्ज करण्याचा मार्ग खुला झाला. फेब्रुवारी १८४२ मध्ये अंमल सुरू झाला आणि मार्च १८४३ मध्ये तो संपलाही. एवढ्या अल्प काळात सुमारे ४१,००० लोकांनी अर्ज केले. सामान्य माणसाची मालमत्ता, देणी आणि येणी ओळीने लिहिलेली यादी संघीय न्यायालयाच्या हाती मोठ्या संख्येने पडली ती याच वेळी. त्या काळच्या घरादारांचा इतका तपशीलवार हिशेब अन्यत्र क्वचितच मिळतो, म्हणून वंशावळी आणि सामाजिक इतिहास धुंडाळणाऱ्यांना या याद्या आजही मोलाच्या वाटतात, आणि ते रास्त आहे.

यादवी युद्धानंतरच्या १८६७ च्या कायद्याने कंपन्यांनाही कक्षेत घेतले आणि जिल्हा न्यायाधीशांच्या मदतीला ‘रजिस्टर’ नावाचे अधिकारी दिले. तो १८७८ मध्ये रद्द झाला. १ जुलै १८९८ चा कायदा मात्र टिकला, तब्बल ऐंशी वर्षे. रजिस्टरच्या जागी त्याने ‘रेफरी’ आणले. रेफरी प्रकरण आपल्या कार्यालयात चालवत आणि ते संपल्यावर दप्तर न्यायालयाकडे पाठवत. १९४६ पर्यंत त्यांची मिळकत पगारातून नव्हे, तर प्रकरणागणिक मिळणाऱ्या शुल्कातून येत असे. १९३८ च्या चँडलर कायद्याने पुनर्रचनेची आणि पगारदारांच्या हप्तेबंद परतफेडीची वाट आखून दिली, तर १९७३ च्या नियमांनी रेफरींना ‘दिवाळखोरी न्यायाधीश’ हे नाव दिले.

आजची चौकट १९७८ च्या दिवाळखोरी संहितेची आहे. ती १ ऑक्टोबर १९७९ पासून लागू झाली, पण तिने न्यायाधीशांना दिलेले व्यापक अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नॉर्दर्न पाइपलाइन प्रकरणात घटनाबाह्य ठरवले, कारण त्या न्यायाधीशांना तहहयात नेमणुकीचे संरक्षण नव्हते. १९८४ च्या दुरुस्तीने तोडगा निघाला. दिवाळखोरी न्यायालय हे संघीय जिल्हा न्यायालयाचाच एक घटक मानले गेले आणि त्याच्या न्यायाधीशांची नेमणूक अपिली न्यायालयाकडून १४ वर्षांसाठी होऊ लागली. ‘स्थानिक’ दिवाळखोरी न्यायालय म्हणजे गावाचे वा कौंटीचे न्यायालय नव्हे, तर ९४ संघीय न्यायिक जिल्ह्यांपैकी एकाचे, हे या रचनेवरून समजते. अर्जापूर्वीच्या १८० दिवसांपैकी अधिकांश काळ ऋणकोचा अधिवास, वास्तव्य, मुख्य व्यवसाय किंवा मुख्य मालमत्ता ज्या जिल्ह्यात होती, तेथे अर्ज करता येतो. कंपन्यांच्या बाबतीत नोंदणीचे राज्यही चालते, म्हणून दूरवर कारखाने असलेल्या कंपनीचे प्रकरण तिची नोंदणी असलेल्या डेलावेअर राज्यात सापडते.

अर्जाच्या प्रक्रियेवर सर्वांत खोल ठसा २००५ च्या दुरुस्तीचा आहे. ती १७ ऑक्टोबरला लागू होणार म्हणून आधीच्या दिवसांत अर्जांची रीघ लागली आणि त्या एका वर्षात २० लाखांहून अधिक अर्ज दाखल झाले. तेव्हापासून व्यक्तीला अर्जापूर्वीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून पतविषयक समुपदेशन घ्यावे लागते, आणि संहितेच्या चॅप्टर ७ खाली मालमत्ता विकून कर्जमुक्त होऊ पाहणाऱ्याचे मागील सहा महिन्यांचे सरासरी उत्पन्न राज्याच्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाशी ताडून पाहिले जाते. उत्पन्न जास्त भरले, तर अनेकांना चॅप्टर १३ कडे, म्हणजे तीन ते पाच वर्षांच्या परतफेडीच्या योजनेकडे, वळावे लागते. अर्जासोबत मालमत्ता, धनको, उत्पन्न आणि खर्च यांच्या अनुसूची व आर्थिक व्यवहारांचे निवेदन शपथपूर्वक द्यावे लागते. अर्ज दाखल होताच कलम ३६२ नुसार वसुलीला आपोआप स्थगिती मिळते. पुढे कलम ३४१ खालील धनकोंच्या सभेत विश्वस्त, म्हणजे प्रकरणाचा कारभार पाहण्यासाठी नेमलेली व्यक्ती, ऋणकोची शपथेवर विचारपूस करतो. तेथे न्यायाधीश बसत नाही. अर्जाचे शुल्क चॅप्टर ७ साठी ३३८ आणि चॅप्टर १३ साठी ३१३ डॉलर आहे. ते हप्त्यांनी भरता येते, आणि अत्यल्प उत्पन्न असलेल्यास चॅप्टर ७ मध्ये माफीही मागता येते. बुडालेल्या माणसाकडून बुडाल्याचे शुल्क घेणे खटकते, म्हणूनच या माफीची माहिती प्रत्येक अर्जदारापर्यंत पोहोचायला हवी.

संहितेच्या कलम १०७ नुसार दाखल झालेले कागद सर्वसाधारणपणे सार्वजनिक असतात. पूर्वी ते पाहण्यासाठी न्यायालयाच्या क्लर्कच्या कार्यालयात जाणे भाग होते. १९८८ साली संघीय न्यायव्यवस्थेने ‘पेसर’ या सेवेला मंजुरी दिली, जिच्यात आरंभी दूरध्वनीच्या तारेवरून संगणक जोडून नोंदी पाहता येत. २००१ पासून दिवाळखोरी न्यायालयांत कागद थेट इलेक्ट्रॉनिक रूपाने दाखल होऊ लागले. आज पेसरवर पानाला १० सेंट पडतात, एका दस्तऐवजाला कमाल ३ डॉलर, आणि तिमाहीचे बिल ३० डॉलरच्या आत राहिले तर काहीच द्यावे लागत नाही. न्यायालयातील सार्वजनिक संगणकावर पाहणे मोफत आहे. हे शुल्क कायद्याने परवानगी नसलेल्या कामांवरही खर्च झाले, असे फेडरल सर्किट या संघीय अपिली न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले. सार्वजनिक दप्तराला पानागणिक किंमत असावी काय, हा वाद त्यामुळे अधिकच गंभीर झाला.

शोध घेताना जिल्हा ठाऊक नसेल, तर पेसरची देशव्यापी सूची नावावरून पाहावी. प्रकरणाच्या क्रमांकातील पहिले दोन अंक वर्ष सांगतात. लेहमन ब्रदर्स या बुडालेल्या गुंतवणूक बँकेचा न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्यातील क्रमांक ०८-१३५५५ हा २००८ सालचा. डॉकेट म्हणजे त्या प्रकरणात दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची क्रमवार वही, आणि आधी ती वाचून मग हवा तोच कागद उघडल्यास पैसे व वेळ दोन्ही वाचतात. डिसेंबर २००३ पासून सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे, म्हणजे सामाजिक सुरक्षेच्या व्यक्तिगत क्रमांकाचे, शेवटचे चारच अंक सार्वजनिक कागदांवर दिसतात, त्यामुळे एकाच नावाच्या दोन व्यक्तींची गल्लत टाळण्यासाठी पत्ताही पडताळावा लागतो.

इलेक्ट्रॉनिक युगापूर्वीची बंद प्रकरणे संघीय अभिलेख केंद्रांत जातात आणि त्यांतील निवडक दप्तर राष्ट्रीय अभिलेखागारात कायम जपले जाते. तेथे नुसते नाव चालत नाही. प्रकरण क्रमांकाबरोबर हस्तांतरणाचा, जागेचा आणि खोक्याचा क्रमांक लागतो, आणि हे क्रमांक ज्या न्यायालयात प्रकरण चालले, तेथील क्लर्कच्या कार्यालयातूनच मिळतात.