कान फुटतो तो दिसतो, मेंदूचं काय?

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल भरते. तिथे जुना पैलवान ओळखायचा तर कान बघावा. घासाघाशीत कानाची कातडी आणि आतलं लवचीक हाड (कूर्चा) यांच्यामध्ये रक्त साकळतं, ते वेळेत काढलं नाही तर कान सुरकुतून कडक गोळा होतो. तालमीत त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, उलट पोरं मिरवतात. बॉक्सिंगमधली खरी इजा अशी मिरवता येत नाही.

मुहम्मद अली 1964 मध्ये सनी लिस्टनला हरवून हेवीवेट जगज्जेता झाला, वय 22. त्या काळात तो हात खाली सोडून नाचायचा आणि ठोसे नुसते हुकवायचा. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी सैन्यात जायला नकार दिला म्हणून 1967 मध्ये किताब गेला आणि तीन वर्षांहून जास्त काळ रिंगणही बंद झालं. परतला तो पायांनी मंदावलेला अली. आता त्याचा भरवसा सोसण्यावर होता. 1974 मध्ये किन्शासात तो दोरांना रेलून जॉर्ज फोरमनचा मार खात राहिला; फोरमन दमला आणि आठव्या फेरीत आडवा झाला. पुढच्याच वर्षी मनिलात जो फ्रेझरबरोबर चौदा फेऱ्या! जिंकला खरा, पण मला ही सोसण्याची ताकदच त्याची वैरीण वाटते.

कारण असं. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोकं गर्रकन वळतं. पाण्याने भरलेला तांब्या झटक्यात फिरवा. भांडं फिरतं, पाणी मागे राहतं. कवटी वळते तेव्हा मऊ मेंदूही तसाच मागे राहतो आणि आतले चेतातंतू ताणले जातात, पिळले जातात. ताण फार झाला तर शुद्ध हरपते आणि लढत थांबते. थोडा कमी पडला तर गडी उभा राहतो आणि पुढचा ठोसा खातो. अशा माराने वर्षानुवर्षांनी जीभ जड होते, चाल अडखळते, हे अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी 1928 मध्येच लिहून ठेवलं होतं.

अलीला 1984 मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं. यात हालचालींवर ताबा ठेवायला लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी मरत जातात. सगळा दोष ठोशांचाच, असं मात्र म्हणता येत नाही. त्याला तपासलेल्या काही मेंदूतज्ज्ञांच्या मते हा चारचौघांना होतो तोच पार्किन्सन्स होता.

आपल्याकडे पोरगं बॉक्सिंगला घालताना घरचे आधी ग्लोव्हज आणि हेडगार्डची चौकशी करतात. ग्लोव्हज मुख्यतः मारणाऱ्याच्या मुठीची हाडं वाचवतात. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, डोक्याचं गर्रकन वळणं थांबत नाही. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष बॉक्सर तर हेडगार्डशिवायच उतरले. तेव्हा प्रशिक्षकाला विचारायचंच असेल तर एवढं विचारा: सरावात डोक्यावर किती मार बसू देता, आणि पोराला गरगरलं तर किती दिवस घरी बसवता?