घरगुती इंटरनेट दूरध्वनी सर्व्हर : यंत्रनिवड

घरातल्या इंटरनेट जोडणीवरून येणारे-जाणारे फोन जोडून देणारा, खोलीखोलीला एक्स्टेन्शन पुरवणारा आणि निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवणारा लहान संगणक. कचेरीतल्या ईपीएबीएक्सचेच हे घरगुती रूप. ‘ॲस्टेरिस्क’ या मुक्त प्रणालीमुळे (१९९९) ते सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आले.

तिचे श्रेय सहसा एकट्या मार्क स्पेन्सर यांना दिले जाते. यंत्राच्या बाजूने पाहिल्यास मात्र जिम डिक्सन यांच्या ‘झपाटा’ प्रकल्पाला मान देणे अधिक रास्त वाटते. टेलिफोन कार्डावरची महागडी सिग्नल-प्रक्रिया चिप काढून टाकायची आणि ते काम संगणकाच्याच प्रोसेसरकडून करून घ्यायचे, ही डिक्सन यांची कल्पना. नाव मेक्सिकोचा क्रांतिकारक एमिलियानो झपाटा याच्यावरून घेतलेले. (मराठी कानाला ते निराळेच ऐकू येते.) त्यातून निघालेल्या ‘झॅपटेल’ या कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरचे नाव व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे २००८ मध्ये ‘दाहदी’ झाले.

या काटकसरीचा भार इंटरप्टच्या, म्हणजे हातातले काम थांबवून लक्ष द्यायला लावणाऱ्या इशाऱ्याच्या, रूपाने प्रोसेसरवर पडतो. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात. कार्ड दर मिलिसेकंदाला त्यातले ८ पुढे सरकवते, म्हणजे प्रोसेसरला सेकंदातून १,००० वेळा हटकते. डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड त्याच इंटरप्ट वाहिनीवर असले की एखादा ठोका चुकतो आणि रिसीव्हरमध्ये ‘टिक्-टिक्’ ऐकू येते. त्यामुळे त्या काळी प्रोसेसरच्या वेगापेक्षा मदरबोर्डची पारख महत्त्वाची ठरे. कार्ड घड्याळाचेही काम करी. अनेकांना एकत्र बोलू देणारी ‘मीटमी’ सुविधा त्याच्या ठोक्यांवर चाले. फोनची तार न जोडता केवळ ठोक्यांसाठी ‘एक्स१००पी’ हे मोडेमवर बेतलेले स्वस्त कार्ड बसवणारेही होते. लिनक्सच्या गाभ्यातील (कर्नल) टायमर सुविधा वापरात आल्यावर ही गरज उरली नाही.

निव्वळ इंटरनेट कॉलसाठी प्रोसेसर फार लागत नाही. जी.७११ या आवाज न दाबता अंकांत बदलण्याच्या पद्धतीत तो दर दिशेला सेकंदाला ६४ किलोबिट, पॅकेटची वेष्टने धरून सुमारे ८० ते ९० किलोबिट घेतो आणि सर्व्हर तो जवळजवळ जसाच्या तसा पुढे पाठवतो. ३२ मेगाबाइट स्मृतीच्या ‘एनएसएलयू२’ या डिस्क-जोडणी डबीवरही हौशी लोकांनी ॲस्टेरिस्क चालवले आहे. जी.७२९ सारख्या दाबलेल्या पद्धतीत रूपांतर करायचे असल्यास मात्र वेगवान प्रोसेसर हवा. २०१२ नंतर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक रूढ झाला. त्यात मेमरी कार्ड सततच्या लेखनाने झिजते.

लँडलाइन जोडायची तर एफएक्सओ पोर्ट (एक्सचेंजकडून येणारी तार जोडण्याची खाच) लागतो. भारतीय लाइनवर अनेक ठिकाणी फोन करणाऱ्याचा क्रमांक तारेची ध्रुवता (धन-ऋण बाजू) उलटवून, घंटी वाजण्याआधी डीटीएमएफ सुरांत (फोनची बटणे दाबताना वाजणाऱ्या) येतो. अमेरिकी पद्धतीत तो पहिल्या दोन घंट्यांच्या मधल्या वेळात येतो. दाहदीच्या सेटिंगमध्ये यासाठी ‘पोलॅरिटी_आयएन’ असा भारताच्या नावाचा स्वतंत्र पर्याय आहे. परदेशी कॉल अशा यंत्रातून लँडलाइनवर वळवण्याचा धंदा परवान्याविना करणे भारतात गुन्हा ठरतो.

तांब्याच्या तारेवरच्या लँडलाइनला वीज एक्सचेंजमधून, सुमारे ४८ व्होल्टची, मिळते. सर्व्हरला यूपीएस लागतो, आणि राउटरलाही.