जू, जंक्शन आणि जवस

जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून दहावी झालेलं पोरगं तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला जातं, तेव्हा त्याची खरी गाठ पडते जीवशास्त्राच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकाशी. विषय अनोळखी नसतो. पेशी, श्वसन, पानांच्या शिरा हे त्यानं मराठीत शिकलेलं असतं, अर्धंअधिक तर वावरात पाहिलेलं असतं. गाडी अडते शब्दांपाशी. रेटिक्युलम, डेसिड्युअस, कॉन्ज्युगेशन, ट्रान्स्पिरेशन. मग दोनशे पानी वही येते, मधोमध रेघ मारली जाते, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि घोकंपट्टी सुरू होते. दिवाळीपर्यंत वही भरते आणि डोकं मात्र रिकामं राहतं.

यात पोराचा दोष नाही. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली स्मरणशक्तीवरचा ग्रंथ छापला. त्यानं मुद्दाम अर्थ नसलेली अक्षरं जुळवून ती पाठ केली आणि किती वेळात किती विसरतो ते मोजलं. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो, हा त्याचा निष्कर्ष आजही शिकवला जातो. त्याची दुसरी नोंद मला जास्त कामाची वाटते. अर्थ असलेल्या कवितेच्या ओळी पाठ करायला त्याला निरर्थक अक्षरांच्या मानानं साधारण दहावा हिस्साच मेहनत लागली. अकरावीच्या पोरासाठी ‘कॉन्ज्युगेशन’ हा शब्द म्हणजे एबिंगहाऊसची निरर्थक अक्षरंच. त्यातले तुकडे बोलू लागले, की तो अर्थाच्या बाजूला येतो.

आणि तुकडे पाडण्याचं काम आपला मेंदू न सांगताही करतो. मार्कस टाफ्ट आणि केनेथ फॉर्स्टर यांनी १९७५ मध्ये एक साधा पण चलाख प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अक्षरांचे समूह दाखवायचे आणि विचारायचं, हा इंग्रजी शब्द आहे की नाही? ‘जुव्हेनेट’ असा शब्द इंग्रजीत नाही. तो ‘रिजुव्हेनेट’मधून ‘री’ काढून उरलेला भाग आहे. ‘पर्ट्वार’ हाही शब्द नाही. तो ‘रेपर्ट्वार’चं शेपूट आहे, पण तिथलं ‘रे’ आजच्या वाचकाला उपसर्ग वाटत नाही. दोन्ही खोटेच. तरीही ‘जुव्हेनेट’सारख्यांना ‘नाही’ म्हणायला लोकांना जास्त वेळ लागला. म्हणजे हा तुकडा मनाच्या कोठीत कुठेतरी वेगळा ठेवलेला होता आणि तो नाकारताना मन क्षणभर अडखळलं. मेंदू प्रत्येक शब्द असा फोडतो की काहीच, यावर पुढे बराच वाद झाला. पण उपसर्ग आणि मूळ यांची दखल तो घेतो, हे मान्य आहे.

या ‘जुव्हेनेट’च्या मुळाशी लॅटिन ‘युवेनिस’ आहे, म्हणजे तरुण. आपला ‘युवा’ त्याचाच भाऊबंद. इथून पुढची गोष्ट मराठी माध्यमाच्या पोराच्या बाजूनं झुकते.

आधी इंग्रजीत लॅटिन घुसली कशी, ते थोडक्यात. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि लॅटिनची लेक असलेली फ्रेंच भाषा तिथल्या दरबारात बसली. पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधून शब्द उचलले, कारण विज्ञान त्याच भाषेत लिहिलं जायचं. न्यूटनचा गतीच्या नियमांचा ग्रंथ १६८७ मध्ये लॅटिनमध्येच निघाला. प्रकाशावरचा १७०४ मध्ये इंग्रजीत आला. १९७३ साली फिंकेनश्टेट आणि वोल्फ या दोघांनी एका इंग्रजी कोशातले सुमारे ८०,००० शब्द तपासले. त्यात लॅटिनमधून थेट आलेले सुमारे २८ टक्के, फ्रेंचवाटे आलेले जवळपास तेवढेच, आणि इंग्रजीच्या स्वतःच्या जर्मानिक घराण्याचे २५ टक्क्यांच्या आसपास निघाले. ग्रीक पाच टक्क्यांच्या थोडं वर.

आता आपल्याकडे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीसमोर सर विल्यम जोन्स यांनी एक भाषण केलं. ते तिथल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते आणि संस्कृत शिकत होते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंत आणि व्याकरणात इतकं साम्य आहे, की तिन्ही एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असं त्यांनी मांडलं. पुढे याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये या नात्यातले ध्वनिबदल नियमात बसवले. संस्कृत-लॅटिनमधला ‘प’ इंग्रजीच्या घराण्यात ‘फ’ होतो आणि ‘द’चा ‘ट’ होतो. पितर, पाटेर, फादर. पाद, पेड, फूट. दंत, डेंट, टूथ. म्हणून इंग्रजीला एकाच वस्तूसाठी शब्दांच्या जोड्या मिळाल्या: घरचा ‘टूथ’ आणि लॅटिनकडून उसना घेतलेला ‘डेंटल’. आपल्याला सोपा उसना. दंतवैद्य म्हणणाऱ्याला डेंटिस्ट लांब नाही.

मला या सगळ्यात सर्वांत आवडतं ते जू. बैलाच्या मानेवरचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलाचे खांदे शेकतात, ते वर्षभर या जुवानं घासलेले असतात म्हणून. संस्कृतात ते ‘युगम्’. लॅटिनमध्ये ‘युगुम’. इंग्रजीत ‘योक’. हजारो वर्षं आणि हजारो मैल मध्ये पडूनही शब्द ओळखू येतो, कारण बैल जुंपणारा माणूस सगळीकडे होता. लॅटिनमध्ये याच घरातलं क्रियापद ‘युंगेरे’, म्हणजे जुंपणे, जोडणे. आपल्याकडे ‘युज्’, त्यातून योग, संयोग, योजना. युंगेरेपासून जंक्शन आलं. मुंबई-हावडा मार्गाला अमरावतीचा फाटा जिथे जुळतो ते बडनेरा जंक्शन. व्याकरणातलं कंजंक्शन म्हणजे वाक्यं जोडणारं उभयान्वयी अव्यय. पापणीची आतली बाजू आणि बुबुळाभोवतीचा पांढरा भाग यांना जोडणारा पातळ पापुद्रा तो कंजंक्टायव्हा, आणि डोळे आले की त्यालाच सूज येते, म्हणून कंजंक्टिव्हायटिस. गळ्यातली ज्युग्युलर शीरही त्याच कुळातली. आणि कॉन्ज्युगेशन? ‘कॉन’ म्हणजे एकत्र, आपल्या ‘सम्’चं काम करणारा. दोन जीवाणू तात्पुरते जोडले जातात आणि एकाचा डीएनए दुसऱ्यात जातो. जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टाटम यांनी ही देवाणघेवाण १९४६ मध्ये दाखवून दिली. आता हा शब्द वहीत लिहून घोकायची गरज उरते का, तुम्हीच बघा.

उपसर्गानं अर्थ कसा फिरतो, हेही आपल्या पोरांना नवं नाही. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार यांत एकच ‘हार’ आहे, हे त्यांनी शाळेत केलेलं असतं. लॅटिन ‘स्पिरारे’, म्हणजे श्वास घेणे, तसंच फिरतं. इन्स्पिरेशन म्हणजे श्वास आत, एक्स्पिरेशन म्हणजे बाहेर, रेस्पिरेशन म्हणजे पुन्हा पुन्हा. ट्रान्स्पिरेशनमध्ये ‘ट्रान्स’ म्हणजे पार: पानाच्या रंध्रांतून पाण्याची वाफ पार बाहेर. कुणाचे आजोबा वारले की आपण सर्रास ‘एक्सपायर झाले’ म्हणतो. शब्दशः, शेवटचा श्वास बाहेर टाकला. औषधाच्या बाटलीवरची एक्सपायरी डेट ती हीच.

बाटलीवरून आठवलं. खरीपात कृषी केंद्राच्या फळीइतका स्वस्त लॅटिनचा वर्ग दुसरा नाही. इन्सेक्टिसाइड, फंगिसाइड, हर्बिसाइड, रोडेंटिसाइड. शेवटचा ‘साइड’ लॅटिन ‘काएदेरे’पासून, म्हणजे कापणे, मारणे. मराठीत आपण तिथे ‘नाशक’ लावतो: कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक. बांधणी तीच. इन्सेक्टमधला ‘सेक्ट’ही कापणाराच: शरीर कापून खाचा पाडल्यासारखं दिसतं, म्हणून तो इन्सेक्ट. सेक्शन, सेक्टर, डिसेक्शन मागोमाग येतात. रोडेंटमधलं ‘रोडेरे’ म्हणजे कुरतडणे. नाल्याकाठच्या वावराची माती पावसाळ्यात वाहून जाते त्या इरोजनमध्ये तेच आहे. पाणी जमीन कुरतडतं.

पिकांची शास्त्रीय नावं तर हातात आयती मिळालेली. आजची बहुतेक पऱ्हाटी गॉसिपियम हिर्सुटम. हिर्सुटम म्हणजे केसाळ. जुना देशी कापूस गॉसिपियम आर्बोरियम. ‘आर्बोर’ म्हणजे झाड, म्हणून झाडावर राहणारं माकड आर्बोरियल. आपला संत्रा सिट्रस रेटिक्युलाटा, म्हणजे जाळीदार; लॅटिन ‘रेटे’ म्हणजे जाळं. सोललेल्या फोडींवरची पांढरी जाळी एकदा नीट पाहिली, की पेशीतलं एंडोप्लाज्मिक रेटिक्युलम आणि पानातलं रेटिक्युलेट व्हेनेशन वेगळं पाठ करावं लागत नाही. (‘ऑरेंज’ हा शब्द मात्र उलट दिशेनं गेलाय: संस्कृत नारंग, मग फारसी, अरबी, स्पॅनिश, फ्रेंच करत इंग्रजीत.) चटणीतला जवस म्हणजे लायनम युसिटाटिसिमम. लिनियसनं १७५३ साली दिलेलं हे नाव. अर्थ, सर्वांत उपयोगाचा. उगाच नाही दिलं. बियांचं तेल, खोडाच्या धाग्याचं लिनन. याच धाग्याची ताणलेली दोरी ती ‘लिनेआ’, तिच्यावरून लाइन. आणि ‘ओलियम’ म्हणजे तेल जोडलं की लिनोलिक आम्ल, जे रसायनशास्त्रात पुन्हा भेटतं.

इतकं सगळं जुळतंय म्हटल्यावर पोट्टे सुटतात, आणि तिथेच घसरतात. मेळघाटापासून ताडोब्यापर्यंतचं सागाचं जंगल डेसिड्युअस, पानझडी. आता डिसाइड म्हणजे ‘कापून टाकणे’, वाद तोडणे, हे शिकलेला मुलगा डेसिड्युअसलाही कापायला निघतो. पण इथे मूळ ‘काएदेरे’ नसून ‘कादेरे’ आहे, म्हणजे पडणे. पानं पडतात, कुणी कापत नाही. अॅक्सिडेंट आणि इन्सिडेंट या पडण्याच्या बाजूचे. तसाच ‘पेड’. पेडल आणि पेडेस्ट्रियन पायाचे, लॅटिन. पण पेडिअट्रिशियनमधला ‘पेड’ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ मूल. आणि ‘इन’वर आंधळा विश्वास तर धोक्याचाच. इनअॅक्टिव्हमध्ये तो नकार देतो, पण टँकरवरच्या ‘हायली इन्फ्लेमेबल’मध्ये तो ‘आत’चा आहे: आतून पेट घेणारं. ‘इन म्हणजे नाही’ असं पाठ केलेल्यानं त्याच्याजवळ बिडी ओढली तर काय व्हायचं ते होईल. म्हणूनच इशाऱ्याच्या पाट्यांवर आता अनेक ठिकाणी नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहितात.

तर मग किती शिकायचं? “सर, हे लॅटिन बी पाठ करा लागते का जी?” हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो रास्त आहे. बाजारात पाचशे मुळांच्या याद्या मिळतात. माझ्या मते त्या म्हणजे पुन्हा तीच रेघ मारलेली वही, फक्त भाषा बदललेली. तीस-चाळीस कुळं पुरतात, आणि तीही आधी वस्तू, मग शब्द या क्रमानं. संत्रा सोलून झाल्यावर रेटिक्युलम. फवारणीचा डबा वाचताना साइड. शब्द भेटला की अंदाज बांधायचा, आणि लगेच शब्दकोशात मूळ तपासायचं. चांगल्या कोशात ते अर्थाजवळच दिलेलं असतं, मोबाइलवर फुकट दिसतं. अंदाज चुकला तर तो शब्द जास्तच पक्का बसतो, हा माझा अनुभव आहे.

एवढं करून मुलाखतीत फडाफडा इंग्रजी येईल असं मात्र कुणी समजू नये. लॅटिनची मदत पुस्तकी शब्दांना. रोजच्या बोलण्यातले गेट, पुट, टेक, गो, कम हे इंग्रजीच्या जर्मानिक घराण्यातले आहेत, आणि ‘गेट’ला ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘ओव्हर’ जोडले की अर्थ कुठल्या कुठे जातो. तिथे युगुम कामाचं नाही आणि रेटे तर नाहीच. ते कानानंच शिकावं लागतं, क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री चालू ठेवून का होईना.