४टी१ सेल लाइन
४टी१ ही उंदराच्या स्तनातल्या ट्यूमरपासून बनवलेली सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवता येणाऱ्या पेशी) आहे, आणि ट्रिपल निगेटिव स्तनाच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या लॅबमध्ये ती सर्रास वापरतात. ट्रिपल निगेटिव म्हणजे ज्या ट्यूमरमध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर नसतात आणि हर-टू हे प्रोटीन पण वाढलेलं नसतं, त्यामुळे टॅमॉक्सिफेन किंवा ट्रास्टुझुमॅब देऊन उपयोग नाही. भारतात याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतं.

मूळ ट्यूमर एका उंदरीला आपोआप झालेला. डेट्रॉइटला फ्रेड मिलर यांच्या लॅबने त्यातून एकच नाही तर सेल लाइनचं अख्खं कुटुंबच वेगळं काढलं, आणि खरी गंमत तिथेच आहे. १९९२च्या पेपरमध्ये त्यांनी दाखवलं की ६७एनआर फक्त जागेवर गाठ करते, १६८एफएआरएन लिम्फ नोडपर्यंत जाते, ४टीओ७ फुप्फुसात पोचते पण तिथे गाठी धरत नाही, आणि ४टी१ मात्र फुप्फुसात जाऊन बिनधास्त वाढते, शिवाय लिव्हर आणि हाडांतही जाते. म्हणजे कॅन्सर पसरण्याची एकेक पायरी वेगळी करून बघता येते. याच बहिणींची तुलना करून २००४ मध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या ग्रुपने ट्विस्ट हा जीन पकडला, तो दाबला की ४टी१चं फुप्फुसात पसरणं बरंच कमी होतं.

पेशी बाल्ब-सी जातीच्या मादीच्या स्तनाच्या चरबीत टोचतात. जात तीच असल्याने शरीर त्या झिडकारत नाही आणि इम्युनिटी शाबूत राहते, माणसाच्या पेशी टोचायच्या तर इम्युनिटी नसलेला उंदीरच लागतो, मग इम्युनोथेरपी तपासणार कशावर? मोजायची सोयपण भारी आहे: ४टी१ला ६-थायोग्वानिन मारत नाही, म्हणून फुप्फुस बारीक करून, एन्झाइमने पेशी सुट्या करून त्या औषधात वाढवल्या की उंदराच्या साध्या पेशी मरतात, उरलेल्या कॉलनी रंगवून मोजायच्या.

पण डोळे झाकून विश्वास ठेवू नये. हा एकाच उंदरीचा ट्यूमर, तोही फार झपाट्याने वाढणारा, काही आठवड्यांत खेळ खलास, आणि बाईच्या शरीरात हेच व्हायला कित्येकदा वर्षं जातात. शिवाय या उंदरांच्या रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भरमसाट वाढतात आणि प्लीहा फुगते, तेवढं माणसात सहसा होत नाही. पीडी-१ (इम्युनिटीच्या पेशींवरचा ब्रेक) रोखणारी इम्युनोथेरपीची औषधं एकटी दिली तर ४टी१वर फारशी चालत नाहीत, म्हणून हल्ली केमो किंवा रेडिएशनसोबत देऊन बघतात.