हेड्रियनच्या भिंतीवरचे टेहळणी मनोरे : सांध्यांतून लागलेला इतिहास

रोमन सम्राट हेड्रियन इ. स. १२२ मध्ये ब्रिटनला आला आणि त्याच सुमारास, सुभेदार ऑलस प्लॅटोरियस नेपोस याच्या देखरेखीखाली, उत्तर इंग्लंडमध्ये आडव्या भिंतीचे काम सुरू झाले. पूर्वेला टाईन नदी, पश्चिमेला सॉल्वेची खाडी आणि मधे सुमारे ११७ किलोमीटर, म्हणजे ८० रोमन मैल. आराखडा साधा होता. दर रोमन मैलाला (सुमारे १४८० मीटर) दरवाजा असलेली छोटी चौकी आणि दोन चौक्यांच्या मधे समान अंतरावर दोन टेहळणी मनोरे. म्हणजे साधारण ४९५ मीटरवर कोणी ना कोणी नजर ठेवून उभा.

मराठी वाचकाने इथे गडाचा बुरूज डोळ्यांसमोर आणू नये. आपला बुरूज तटाच्या बाहेर गोलाकार पुढे येतो, बहुधा भरीव असतो आणि त्यावर तोफ चढते. हा मनोरा चौरस आणि पोकळ. बाहेरून साधारण ६ मीटर, आतून ४ मीटरच्या आसपास. उत्तरेकडे तो भिंतीच्या पुढे येतच नाही; भिंतीतच कोनाड्यासारखी जागा सोडून उरलेली खोली दक्षिणेकडे काढलेली असते. दारही दक्षिणेला, पण मधोमध नाही. कधी पूर्वेच्या कोपऱ्याकडे, कधी पश्चिमेच्या. ही दाराची बाजू आणि मनोऱ्याच्या भिंतींची जाडी (काही ठिकाणी सुमारे ९० सेंटिमीटर, काही ठिकाणी १.२ मीटर) यांवरून कोणता मनोरा कोणत्या लीजनने (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीने) बांधला याची विभागणी अभ्यासकांनी केली. काम तीन लीजनांचे होते : दुसरी ऑगस्टा, सहावी व्हिक्ट्रिक्स आणि विसावी व्हॅलेरिया व्हिक्ट्रिक्स.

मनोऱ्यांचे खरे महत्त्व त्यांच्या दोन्ही बगलांना आहे. बांधकामात आधी मनोरे आणि चौक्या उभ्या राहिल्या, मधली भिंत मागाहून आली. पुढे येणारी भिंत नीट सांधली जावी म्हणून मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीचे छोटे तुकडे बांधून ठेवले, तेही मूळ आराखड्याच्या मापाने, म्हणजे १० रोमन फूट (सुमारे ३ मीटर) रुंद. मधल्या काळात बेत बदलला. सैन्याची मोठी ठाणी भिंतीपासून मागे न ठेवता भिंतीवरच बांधायची ठरली, कामाचा बोजा वाढला आणि भिंतीची जाडी ८ फुटांवर, कुठे त्याहूनही खाली आली. अरुंद भिंत जेव्हा रुंद तुकड्याला येऊन भिडली, तेव्हा मागच्या बाजूला पायरीसारखा खाचा राहिला. ब्रंटनच्या मनोऱ्यावर (क्रमांक २६ ब) तो डोळ्यांनी दिसतो : एका बाजूची भिंत जवळपास ३ मीटर, दुसऱ्या बाजूची १.८ मीटर. हा मनोरा अजून सुमारे अडीच मीटर उंच उभा आहे. मधेच बदललेल्या बेताचा इतका स्वच्छ पुरावा रोमन बांधकामात क्वचितच मिळतो. त्याच्या जोडीला हाउसस्टेड्स आणि चेस्टर्स. या दोन्ही ठाण्यांच्या आत मनोऱ्यांचे पाये सापडले (३६ ब आणि २७ अ), म्हणजे उभा राहिलेला किंवा निदान सुरू झालेला मनोरा पाडून त्यावर ठाणे बसवले.

अर्दिंग नदीच्या पश्चिमेला गोष्ट वेगळी. तिथे भिंत आधी गवताच्या ढेपांची होती, मनोरे मात्र सुरुवातीपासून दगडी. नंतर ढेपांच्या जागी दगडी भिंत आली तेव्हा ती मनोऱ्याच्या बाजूंना नुसती टेकवली, दगडात दगड गुंतवला नाही. पायपर साइक (५१ अ) किंवा बँक्स ईस्ट (५२ अ) इथे ही सरळ उभी फट दिसते. उत्खननात अशी फट ओळखता आली नाही तर आधीचे-नंतरचे हे सगळे गणित उलटते.

मनोऱ्यांच्या क्रमांकांची पद्धत पुरातत्त्वज्ञ आर. जी. कॉलिंगवुड यांची, १९३० ची. चौक्यांना पूर्वेकडून आकडे आणि प्रत्येक चौकीच्या पश्चिमेच्या दोन मनोऱ्यांना अ, ब. न सापडलेल्या मनोऱ्यालाही त्यामुळे आधीच क्रमांक असतो. शोधणारा ज्ञात जागेपासून माप टाकतो आणि अपेक्षित ठिकाणी आडवा चर घेतो. ही रीत बहुतेकदा चालते, पण नियमावर फार विसंबले की फसगत होते. पील गॅपमध्ये १९८६ साली ३९ अ आणि ३९ ब यांच्या मधे एक जादा मनोरा निघाला, जो कोणत्याच हिशेबात बसत नव्हता. तिथे दोन मनोऱ्यांतले अंतर नेहमीपेक्षा जास्त होते आणि मधली खिंड नजरेआड राहत होती. म्हणून भिंत झाल्यावर तिच्या पाठीला तो जोडला होता. मधल्या टापूत भिंत ज्या काळ्या अग्निजन्य खडकाच्या कड्यावरून जाते तो खडक चुंबकीय सर्वेक्षणात गोंधळ घालतो, हीही एक अडचण. पूर्वेला वेगळीच पंचाईत : १७४५ च्या जेकोबाइट उठावानंतर (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या बंडानंतर) न्यूकॅसल-कार्लाइल लष्करी रस्ता बांधताना मैलोन्‌मैल भिंत सपाट करून तिचाच पाया म्हणून वापर झाला. लोक रस्त्याला जनरल वेडचे नाव देतात. पण वेड १७४८ मध्येच वारला होता आणि काम १७५१ नंतरचे.

मनोऱ्याच्या आत काय मिळते? मातीची किंवा फरसबंद जमीन, चुलीची राख, स्वयंपाकाच्या भांड्यांची खापरे, जनावरांची हाडे, क्वचित भाल्याचे टोक, सोंगट्या. उंबऱ्याच्या दगडात दाराचा खुंट फिरण्याची खोबण. काही ठिकाणी भिंतीलगत दगडी ओटा असतो. तो वर चढायच्या शिडीसाठी होता की आणखी कशासाठी, यावर एकमत नाही. छपराचाही वाद जुनाच आहे. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर डॅन्यूबकाठचे मनोरे टोकदार छपराचे, सज्जा आणि मशाल असलेले दाखवले आहेत, पण ती सरहद्द वेगळी आणि तो स्तंभ ११३ सालचा. त्यावरून ब्रिटनमधला मनोरा जसाच्या तसा उभा करणे घाईचे ठरते.

आतल्या वापराबद्दल आपल्याला बांधकामापेक्षा कमी कळते, याचे कारण खणण्याच्या पद्धतीत आहे. एकोणिसाव्या शतकात तिथले जमीनदार जॉन क्लेटन यांनी जमिनी विकत घेऊन भिंतीचे लांबच लांब भाग वाचवले, हे श्रेय मोठे. पण तेव्हा मनोरा ‘साफ करणे’ म्हणजे भिंती दिसेपर्यंत आतली माती उपसणे. थर गेले की खापर कोणत्या जमिनीवरचे, हे सांगणारे काही उरत नाही.

विसाव्या शतकात थर जपले गेले, तर कालगणनेचा घोळ झाला. १९२९ मध्ये भिंतीवरच्या बर्डऑसवॉल्ड या ठाण्यात दोन शिलालेख फरशीत वापरलेले मिळाले : एक सम्राट सेप्टिमियस सेव्हरसच्या काळातला (तिसऱ्या शतकाची सुरुवात), दुसरा सम्राट डायोक्लेशियनच्या (तिसऱ्या शतकाची अखेर आणि चौथ्याची सुरुवात). त्यांच्या आधारे भिंतीचे कालखंड ठरले आणि त्यांच्या सीमा १९७, २९६, ३६७ या ऐतिहासिक संकटांशी बांधल्या गेल्या. मग त्या थरांतल्या खापरांना त्याच तारखा मिळाल्या आणि पुढे कुठेही तसले खापर दिसले की तो थर त्या संकटाचा, असे म्हटले जाऊ लागले. हे वर्तुळ तोडायला कित्येक दशके लागली. आज दिसते ते असे : १४२ च्या सुमारास सैन्य उत्तरेला, आजच्या स्कॉटलंडमधल्या अँटोनाइन भिंतीकडे सरकले, वीसेक वर्षांत परतले आणि दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून मधल्या टापूतले बरेच मनोरे कायमचे सोडून दिले गेले. सोडलेला मनोरा तसाच ठेवणे धोक्याचे होते, कारण कोनाड्याच्या जागी भिंत निम्म्याने पातळ. म्हणून दार बुजवले, खोली काही रांगांपर्यंत पाडली आणि कोनाडा दगडांनी भरून भिंत सलग केली. कोसाइक (३३ ब) इथे बुजवलेले दार आणि भरलेला कोनाडा दोन्ही ओळखता येतात.

आज तिथे जाणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की दर्शनी सांध्यांतला चुना-सिमेंट रोमन नाही. १९३० च्या दशकापासून सरकारी गवंड्यांनी उघडे पडलेले मनोरे पक्के केले ते आधुनिक मालाने. क्लेटन यांच्या मजुरांनी तर पडलेले दगड चुन्याशिवाय पुन्हा रचून वर गवत बसवले होते. त्यामुळे वरच्या रांगांवरून माप किंवा निष्कर्ष काढू नये; खालच्या दोन-तीन रांगा आणि पायाचे दगड पाहावेत.