वीस अंशांची रेघ नाशकातून जाते

रामकुंडावर गुरुजी संकल्प सांगताना आधी जागा सांगतात: जंबुद्वीपे, भरतखंडे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः उत्तरे तीरे. तीच पूजा नदीपलीकडच्या जुन्या नाशकात असेल, तर ‘दक्षिणे तीरे’. नदीचा काठ सांगून झाला की पत्ता संपला. खरेदीखतातली चतुःसीमाही याच जातीची. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला. शेताचा मालक बदलला किंवा नाला बुजला, की वाद तलाठ्याकडे.

मोबाइलवर आलेलं ‘लोकेशन’ शेजाऱ्यापाजाऱ्यांची साक्ष काढत नाही. रामकुंडाचे त्यातले आकडे साधारण असे: २०.००८ उत्तर, ७३.७९२ पूर्व. म्हणजे वीस अक्षांशाची रेघ कुंडाच्या दक्षिणेला, किलोमीटरभराच्या आतच, शहरातून जाते.

अक्षांश काढणं पूर्वीपासून सोपं होतं. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितका अक्षांश. रडवलं ते रेखांशाने. मोजायला कुठून सुरुवात करायची, ते माणसांनीच ठरवायचं. आपल्या ज्योतिषांनी लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी रेषा मानली. भास्कराचार्यांनीही तीच सांगितली आहे. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. नाशिक उज्जैनच्या पश्चिमेला जवळपास दोन अंश, म्हणून इथली दुपार आठ मिनिटं मागे. पंचांगातला देशांतर संस्कार म्हणजे हाच हिशेब. रेखांश हवा तर दोन गावांच्या वेळेतला फरक कळला पाहिजे, आणि एका गावाची वेळ दुसऱ्या गावी न्यायची कशी, हा खरा पेच होता. त्यावर समुद्रात टिकणारा तोडगा जॉन हॅरिसन या इंग्रज कारागिराच्या घड्याळाने दिला. १७६१ मध्ये त्याची चाचणी सुरू झाली. ग्रिनिचची शून्य रेषा १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ठरली.

तोवर हिंदुस्थानची मोजणी बरीच पुढे गेली होती. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकला. १८२३ मध्ये काम चालू असतानाच आपल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. पुढची धुरा जॉर्ज एव्हरेस्टकडे आली. पृथ्वी नेमकी किती चपटी, याचे १८३० मध्ये त्याने धरलेले आकडे भारताला चांगले बसले, आणि सर्वे ऑफ इंडियाचे नकाशे पिढ्यान् पिढ्या त्यांवरच निघाले.

त्या नकाशांत नाशिकची मोठी गंमत झाली. शीटची कड नेमकी वीस अंशांवर! पंचवटी ४६ एच/१६ या शीटवर, नाशिकरोड ४७ ई/१३ वर. अख्खं शहर बघायचं तर दोन शीट कडेला कड लावून पसरायची. नव्या मालिकेतही वीस अंशांवरची ही शिवण गेलेली नाही.

जीपीएस मात्र पृथ्वीचा वेगळा आकार धरतं, डब्ल्यूजीएस-८४ नावाचा. जुन्या शीटवरून वाचलेले अक्षांश-रेखांश तसेच मोबाइलमध्ये घातले, तर नाशकात शंभरेक मीटरचा फरक पडतो. जागा हललेली नसते, नकाशाही चुकलेला नसतो. दोघांनी धरलेली पृथ्वी वेगळी असते. मोजणीच्या भांडणात हे फार कमी लोकांच्या ध्यानात येतं.

उपग्रहांचा मार्ग उघडला तो उलट्या विचारातून. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक या रशियाच्या पहिल्या उपग्रहाची पिपाणी ऐकताना अमेरिकेतल्या गायर आणि वाइफेनबाख यांनी आवाजाच्या पट्टीतल्या चढउतारावरून त्याची कक्षा काढली. मग त्यांच्या वरिष्ठाने, फ्रँक मॅक्लूरने, प्रश्न फिरवला: कक्षा माहीत असेल, तर ऐकणारा कुठे आहे ते काढता येईल? त्यातून पाणबुड्यांना आपली जागा काढता यावी म्हणून ‘ट्रान्झिट’ ही उपग्रहांची यंत्रणा आली आणि १९७८ पासून जीपीएसचे उपग्रह वर जाऊ लागले. सामान्यांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली गेली.

इथेही सगळी भिस्त घड्याळावरच. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह ‘आत्ता इतके वाजले, आणि मी इथे आहे’ एवढंच सांगतो. निरोप पोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. जागेसाठी तीन उपग्रह पुरले असते. चौथा लागतो, कारण मोबाइलचं घड्याळ स्वस्तातलं. एक मायक्रोसेकंद चुकलं की ३०० मीटरचा घोळ. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे वरची घड्याळं रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ती दुरुस्ती केली नाही, तर दिवसभरात अकरा किलोमीटरची चूक साचेल.

जीपीएससारखंच काम करणाऱ्या भारताच्या ‘नाविक’ या उपग्रहमालिकेनेही मार खाल्ला तो घड्याळांपायीच. जुलै २०१३ मध्ये सोडलेल्या पहिल्या उपग्रहातली परदेशी बनावटीची तिन्ही रुबिडियमची अणुघड्याळं बंद पडली. उपग्रह जागेवर होता, पण ठिकाण काढायला निरुपयोगी. अहमदाबादला बनलेलं घड्याळ २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ या नव्या पिढीच्या नाविक उपग्रहातून वर गेलं. एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ मध्ये सुटला, पण ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही.