माजी सैनिकांचा मान आणि वन रँक वन पेन्शनचा तिढा : पार्श्वभूमी

14 जानेवारीला, माजी सैनिक दिनाला, कोल्हापुरात माजी सैनिकांचे मेळावे होतात, फेटे बांधतात, शाल-श्रीफळ होतं, आणि अशा कुठल्याही मेळाव्यात चहाच्या वेळी चार माजी सैनिक एकत्र आले की विषय फिरून पेन्शनवर येतोच. बाहेरच्यांना वाटतं ही पैशाची हाव आहे. तसं अजिबात नाही, आणि ते कळायला मागचं सगळं माहीत पाहिजे.

फार जुनं थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कुतच्या वेढ्यात 1916 च्या एप्रिलपर्यंत अडकून पडल्या, आपल्याकडे शाहू महाराजांनीही भरतीला जोर लावला होता. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी महाराष्ट्रात बऱ्याच गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या, या गावातून इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, बस्स, नुसते आकडे, नाव एकाचंही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तर हजारो जवानांना घरी पाठवलं, आणि पेन्शनला 15 वर्षांची नोकरी लागते, ती कुणाचीच भरलेली नव्हती, म्हणून पेन्शन शून्य. पुढे राज्य सरकारनं त्यांना दरमहा अनुदान सुरू केलं. कोल्हापूर संस्थान 1949 ला विलीन झालं, त्याच वर्षी 7 डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन सुरू झाला. 14 जानेवारीचं म्हणाल तर पहिले भारतीय सरसेनापती 1953 ला या तारखेला निवृत्त झाले, पण हा दिवस माजी सैनिकांचा म्हणून पाळायला लागले ते आत्ता आत्ता, 2016-17 पासून. दिल्लीतलं राष्ट्रीय युद्ध स्मारक 2019 चं, तिथं 25 हजारांहून जास्त नावं कोरलीत. नावं कोरायला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं गेली.

आता मुख्य मुद्दा. कुठल्याही जुन्या हवालदाराला विचारा, तो 1973 पासून सुरुवात करणार. त्या वर्षीच्या वेतन आयोगाच्या आधी जवानाची पेन्शन शेवटच्या पगाराच्या 70 टक्के होती आणि सिव्हिलवाल्यांची 30, ती दोघांना 50 करून टाकली, असं माजी सैनिक सांगतात. आकड्यांवर वाद घालणारे आहेत, पण जवानाचं नुकसान कुठं झालं हे समजायला आकडा लागत नाही. सिव्हिलवाला साठीपर्यंत पगार घेतो, जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, म्हणजे ऐन पोरांच्या शिक्षणाच्या वेळी पगार बंद आणि पुढची चाळीस वर्षं पेन्शनवर. त्यात 1986, 1996, 2006 असे वेतन आयोग येत गेले आणि प्रत्येक वेळी नवीन निवृत्त होणाऱ्याची पेन्शन वर गेली, जुना मागं राहिला. एकच हुद्दा, तेवढीच सर्व्हिस, 65 आणि 71 ची लढाई बघितलेला हवालदार कमी घेतोय आणि नंतर रिटायर झालेला जास्त, कधी तर हवालदाराच्या हातात नव्या शिपायाएवढंही पडत नाही. मागणी एवढीच होती की समान हुद्दा, समान सर्व्हिस, समान पेन्शन, आणि पुढं वाढ झाली की जुन्यालाही आपोआप. यालाच वन रँक वन पेन्शन म्हणतात.

2011 ला संसदेच्या समितीनं मागणी रास्त ठरवली. 2014 च्या फेब्रुवारीत निवडणुकीच्या तोंडावर त्यासाठी 500 कोटी जाहीर झाले. 2015 च्या जूनमध्ये जंतरमंतरवर उपोषण सुरू झालं, छातीवर मेडल लावलेली म्हातारी माणसं रस्त्यावर बसली, आणि 5 सप्टेंबर 2015 ला सरकारनं वन रँक वन पेन्शनची घोषणा केली. त्या घोषणेतच एक वाक्य असं होतं की व्हीआरएस घेतलेल्यांना, म्हणजे मुदतीआधी स्वतःहून बाहेर पडलेल्यांना, मिळणार नाही. इथं आपल्याकडे खरी खळबळ झाली. कारण जवान मुदत संपायच्या आधी, 15-17 वर्षांवर घरी का येतो? आई-वडील थकलेले असतात, उसाला बघायला कुणी नसतं, पोरं दहावीत, आणि वय उलटायच्या आत राज्य सरकारच्या नोकरीत माजी सैनिकांच्या 15 टक्के जागांतून कुठंतरी लागायचं असतं. याला मजेत सोडलेली नोकरी म्हणणं चूक आहे. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला की त्यांनाही मिळेल, पण 7 नोव्हेंबरचं सरकारी पत्र निघालं तेव्हा त्यात आधीच बाहेर पडलेल्यांना घेतलं आणि इथून पुढं स्वतःहून बाहेर पडणाऱ्यांना वगळलं. माझ्या मते सगळ्या तिढ्यातला सर्वात अन्यायाचा भाग हाच.

दुसरा वाद वाढीचा. 1 जुलै 2014 पासून लागू, 2013 ला निवृत्त झालेल्यांच्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त पेन्शनची सरासरी काढायची, आणि दर पाच वर्षांनी फेरआखणी. मागणी होती आपोआप, मिळालं पाच वर्षांनी. कोर्टात गेले, मार्च 2022 ला निकाल लागला की धोरण बरोबर आहे, सरकारचा तो अधिकार आहे, पण 2019 ची फेरआखणी तीन महिन्यांत द्या. ती कॅबिनेटनं मंजूर केली डिसेंबर 2022 ला, मग थकबाकीचे हप्ते, कोर्टानं परत कान धरला, आधी वीरपत्नी आणि मेडलवाल्यांना, मग सत्तरीच्या पुढच्यांना, मग बाकीच्यांना, असं करत फेब्रुवारी 2024 उजाडला. 2019 च्या वाढीला जवळजवळ पाच वर्षं. तेवढ्यात किती माणसं गेली असतील!

जवान आणि अधिकारी यांच्यातला फरकही आहेच. मिलिट्री सर्व्हिस पे, म्हणजे लष्करी नोकरीसाठी पगारावर दरमहा मिळणारी जादा रक्कम, अधिकाऱ्याला 15,500 आणि जेसीओ (सुभेदारासारखे जवानाच्या वरचे हुद्दे) व जवानाला 5,200. बर्फ दोघांनाही सारखाच लागतो, म्हणून 2023 ला जवान-जेसीओंनी परत जंतरमंतर गाठलं.

सैनिक टाकळी असो, गडहिंग्लज-चंदगड पट्टा असो, घराघरात मिल्ट्री आहे तिथं आणखी एक अडचण दिसते जी कुठल्या बातमीत येत नाही. लग्नात बायकोचं नाव बदलतात. नवऱ्यानं भरतीनंतर लष्कराच्या रेकॉर्डला नोंदवलेलं नाव एक, आधारवरचं दुसरं, जन्मतारीख अंदाजे जून महिन्याची एक तारीख. नवरा असेपर्यंत चालून जातं. तो गेला की फॅमिली पेन्शन तिथंच अडकते, मग गॅझेट करा, अॅफिडेव्हिट करा, पार्ट टू ऑर्डर (रेकॉर्डमधली घरच्यांची नोंद बदलायचा लष्करी आदेश) नव्यानं काढा, त्यासाठी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला एसटीनं जा. आधी बँकेतला साहेब ओळखीचा असायचा, आता पेन्शन 'स्पर्श' या लष्करी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर गेली, हयातीचा दाखलाही ऑनलाइन, आणि आयुष्यभर भांगलण केलेल्या बाईचा अंगठा मशीन घेत नाही. माझी कळकळीची विनंती आहे, घरात कुणी सर्व्हिसमध्ये असेल तर पुढच्या सुट्टीत आला की आधी बायको-पोरांची नावं रेकॉर्डला जुळतात का ते बघून घ्या.

पुढचा टप्पा अग्निवीरांचा. जून 2022 ला योजना आली, सैन्यात चार वर्षं, त्यातले 25 टक्के कायम, बाकीच्यांना जाताना एकरकमी साधारण 11.71 लाख सेवानिधी, पेन्शन नाही, ईसीएचएस (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना) नाही, कँटीन नाही आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही. पहिल्या बॅचची चार वर्षं 2026 च्या अखेरीस भरतात. वन रँक वन पेन्शनची तिसरी आखणी 1 जुलै 2024 पासून लागू झाली आणि पुढची 2029 ला, म्हणजे ती होईल तेव्हा गावात चार वर्षं बॉर्डरवर काढून आलेली पोरं असतील ज्यांचा पेन्शनच्या त्या तक्त्यात रकानाच नाही, आणि 14 जानेवारीच्या मेळाव्याला त्यांना बोलवायचं की नाही हे प्रत्येक गावाला आपापलं ठरवावं लागणार. मी म्हणतो बोलवायचंच.